चार वाजताची नोंद

३ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. तू सहा फूट झालास, कानावरचे केस पांढरे झाले, तरी मायना बदलायची माझी तयारी नाही. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी कुरकुरायचं विसरतो. तुझा खोकला गेला का? त्या डोंगरावर वारा सुटला की टोपी घालत जा. टोपी आहे ना तुझ्याकडे, की मागच्यासारखी हरवलीस आणि आहे म्हणून सांगतोस?

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस आणि त्या ‘हं’चा अर्थ मी आठवडाभर लावत बसते. ऑफिसच्या ईमेलवर लिहिणार नाही. तिथलं कोण कोण वाचतं, त्याची यादी माझ्याकडे आहे. या पाकिटाच्या जोडावर मी सही केली आहे. ती मधोमध फाटलेली दिसली तर लगेच कळव.

ऑफिसात सध्या कुठेतरी पाणी मुरतंय. माझी खुर्ची सोमवारी दोन बोटं सरकलेली होती. पाण्याचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस एका आठवड्यात तीनदा आला, आणि पाणी आधीही गार होतं, आताही गारच आहे. नवा कारकून मला बघून फार हसतो. इतकं हसण्यासारखं माझ्यात काही नाही, हे तुलाही माहीत आहे.

आता कामाचं. मागच्या महिन्यातल्या सौरवादळाच्या तुझ्या नोंदी माझ्या टेबलावर आल्या. त्या दिवशी मी घरी उशिरा आले, तर आईने विचारलं, “वादळ सूर्यावर, मग तुला का उशीर?” तिला सांगितलं की सूर्याकडून झोत येतो, पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं आणि पार वरची, अडीचशे किलोमीटरवरची हवा एकदम तापते. नऊशे अंशांची तेराशे होते.

“मग ते उपग्रह वितळत कसे नाहीत?”

“हवा फार विरळ असते गं. तापली तरी चटका द्यायला पुरत नाही. पण तापली की फुगते, वर चढते आणि उपग्रहांच्या वाटेत येते. तिच्याशी घासून ते खाली घसरायला लागतात. म्हणून कोण किती घसरेल, ते आम्ही आधी मोजून सांगतो.”

“म्हणजे ताप येतो म्हण की.”

“हो.”

“आणि उतरला की?”

“उतरला की पहिल्यासारखं. नऊशे म्हणजे नऊशे.”

आईचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण तुझ्या नोंदीत ताप उतरल्यावर नऊशे नाहीत. सातशे ऐंशी आहेत. तीन रात्री लागोपाठ सातशे ऐंशीच्या आसपास! आपल्या खात्याच्या सूत्राप्रमाणे हवा वादळानंतर मूळपदावर येते आणि तिथे थांबते. त्या सूत्राला तळघराच्या पायऱ्याच नाहीत, आणि तू मात्र खाली उतरत गेलास.

नियम तुला पाठ आहे. सूत्राच्या हद्दीबाहेरचा आकडा तपासनीस खोडते आणि त्याजागी सूत्रातला लिहिते. मागच्या दोन वादळांच्या वेळी मी ते मुकाट्याने केलं. तिसऱ्यांदा असं झालं की साहेबांना टिपण जातं आणि समिती बसते. समिती तीस तारखेला आहे. तुझं डोंगरावरचं निरीक्षणाचं ठाणं बंद करायला साहेबांना निमित्तच हवं आहे. ते बंद झालं तर तुला दुसरीकडे घेणार नाहीत, घरी पाठवतील. सख्ख्या भावाला झाकलं असं कुणी म्हणू नये म्हणून तुझे आकडे मी दोनदा तपासते. हे तुला जाचत असेल तर जाचू दे.

तर मला एकदाच खरं सांग. त्या तीन रात्री तू यंत्रापाशी होतास का? की झोपलास, आणि सकाळी उठून आठवेल ते लिहिलंस? मी चिडणार नाही. मनाने आकडे लिहायची तुझी खोड जुनी आहे. आप्पांच्या वेळचं मी उकरून काढत नाही, पण विसरलेही नाही.

आई म्हणते, येशील तेव्हा लोकरीचे मोजे आण. तिकडे चांगले मिळतात म्हणे. मागच्या खेपेला तू तिच्या गोळ्या डबीत भरून गेलास, त्या तिने पुन्हा सगळ्या मोजून घेतल्या. मन दुखवून घेऊ नकोस, तिचा तो स्वभाव झाला आहे.

तुझी वाट बघणारी (पत्राची),
ताई


१८ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. शेजारच्या काकू पोस्टकार्डावर यापेक्षा जास्त लिहितात आणि शिवाय भाज्यांचे भाव सांगतात. तुझ्या ओळी इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ही वाट बंद.

‘ताई, तिन्ही रात्री मी यंत्रापाशी होतो. सातशे ऐंशी म्हणजे सातशे ऐंशी. संगणकाबरोबर मी वहीतही लिहितो, आणि वही शाईने लिहितो. पेन्सिलीचं पुसता येतं. खोकला बरा आहे.’

पेन्सिलीचं मध्येच काय काढलंस? मी पेन्सिलीबद्दल काही विचारलं होतं का? हे वाक्य मी चहा गार होईपर्यंत वाचलं. तुला काही म्हणायचं असेल तर सरळ म्हण. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

पण तुझ्या पत्रानंतर इथे एक गोष्ट घडली, आणि ती तुला सांगितली नाही तर मला अन्न गोड लागणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई बसतात. उपग्रह कोणत्या क्षणी कुठे दिसेल, ते त्या सांगतात. आम्ही त्यांना उपग्रहबाई म्हणतो. त्या गुरुवारी माझ्या टेबलाशी आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तुमच्या हवेने माझी अब्रू घालवली.”

“माझ्या हवेने?”

“वादळ संपल्यावर तुम्ही दिलेले आकडे धरून मी वेळा काढल्या. एकही उपग्रह वेळेवर नाही. सगळे उशिरा! चार-चार सेकंद.”

“वादळात उशीर झाला असेल.”

“वादळात लवकर येतात हो, घसरतात ना. खाली आला की जवळचा रस्ता पकडतो, लवकर पोचतो. हे वादळानंतरचं सांगतेय मी. तुम्ही म्हणता तेवढी हवा तिथे नव्हतीच. घासायला काही नसेल तर घसरतील कशाला?”

त्या गेल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हवा कमी म्हणजे आक्रसलेली. आक्रसलेली म्हणजे गार. नऊशेपेक्षा गार.

पहिला संशय मला तुझाच आला. म्हटलं, यानेच बाईंना फोन करून पढवलं. म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “डोंगरावरच्या ठाण्यात कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?” त्या म्हणाल्या, “डोंगरावर ठाणं आहे?” इतका चांगला अभिनय त्यांना येत नाही. वार्षिक कार्यक्रमात मी त्यांचं नाटक बघितलं आहे.

मग मी ग्रंथालयात तीन दिवस बसले. तुला हे ठाऊक असणार, आणि तू मला सांगितलं नाहीस, याचाही मला राग आहे. वादळात वर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू भरपूर तयार होतो. तो तिथली उष्णता घेऊन अवकाशात फेकत राहतो. वादळ शमतं, तापवणारं थांबतं, पण हा वायू लगेच जात नाही. काही दिवस तो तिथेच असतो आणि फेकायचं काम चालूच ठेवतो. त्यामुळे हवा मूळपदावर येऊन थांबत नाही, त्याच्याही खाली जाते. हे लोकांनी मोजलं आहे, छापलं आहे. आमच्या सूत्रात तापणं आहे आणि निवणं आहे. हे जास्तीचं गार पडणं नाही. आमचं सूत्र जुनं आहे, आणि मी त्या सूत्राने तुला तोलत होते.

अजून मी काहीही मान्य केलेलं नाही. छापलेलं तूही वाचू शकतोस, आणि वाचून सातशे ऐंशी लिहू शकतोस. म्हणून तुझी शाईची वही मला पाठव. फोटो नको, नक्कल नको, मूळ वही. शाई किती दिवसांची आहे ते मला ओळखता येतं.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की तिसऱ्यांदा असं झालं की साहेबांना टिपण जातं. जातं नव्हे, ते गेलं होतं. एक तारखेलाच गेलं होतं. ‘निरीक्षकाने प्रत्यक्ष मोजमाप न करता नोंदी केल्याचा संशय आहे’, असं वाक्य होतं. ते माझं आहे. पत्र लिहून तुला विचारायच्या दोन दिवस आधी मी ते दिलं. मग तुला विचारलं कशाला, असं म्हणशील. मलाही नीट सांगता येत नाही. तू कबूल झालास तर माझं वाक्य खरं ठरेल, असं काहीतरी मनात असावं.

वही लवकर पाठव. तीस तारीख जवळ आली आहे.

ताई


२६ ऑक्टोबर

बारक्या,

आज मायना-बियना काही सुचत नाही.

वही मिळाली. तू ती जुन्या टोपीत गुंडाळून पाठवलीस. म्हणजे टोपी होती तर. शाई मी भिंगाखाली पाहिली. तारखेबरहुकूम फिकी होत गेलेली आहे. उपग्रहबाईंना शेजारी बसवून तिन्ही वादळांच्या रात्री एकेक करून ताडून पाहिल्या. जिथे तू गार लिहिलंस, तिथे त्यांचे उपग्रह उशिरा. जिथे तू नऊशेवर परत आलास, तिथे ते वेळेवर. एकही रात्र सुटली नाही. बाई म्हणाल्या, “कोण हो हा निरीक्षक? याला इथे आणा, माझी अब्रू वाचेल.” मी म्हटलं, माझा भाऊ आहे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खोडलेल्या आकड्यांकडे.

तुझे आकडे खरे होते. अकरा रात्रींचे अकरा आकडे मी खोडले आणि तिथे माझे लिहिले.

हे लिहून पत्र संपवायचं, असं मी ठरवलं होतं. काल तसं संपवलंही होतं. पाकिटात घातलं, जोडावर सही केली, आणि मग तुझी ती पेन्सिल आठवली. ते पाकीट फाडून हे दुसरं पत्र लिहिते आहे.

तुला आठवत नसेल असं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आले. तू अकरा वर्षांचा होतास, अकरा वर्षांच्या मुलाला काय आठवतं, असं. आप्पांचा ताप नवव्या दिवशी उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर चार तासांनी थर्मामीटर लावा आणि वहीत लिहा, रोज पाचला मी फोन करीन. बाराची नोंद माझी, चारची तुझी. मी क्लासहून पावणेपाचला आले. आप्पा झोपले होते. वहीत चारच्या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘९५’.

मला हसू आलं. मग राग आला. पंच्याण्णव कुठे ताप असतो का? ताप उतरतो तो अठ्ठ्याण्णववर येऊन थांबतो, एवढं मला सतराव्या वर्षी ठाऊक होतं. म्हटलं, हा गोट्या खेळत बसला आणि मनाला येईल ते लिहून मोकळा झाला. पुन्हा थर्मामीटर लावून बघायचा, तर ते जागे होतील. नुसता हात लावून बघितला असता तरी चाललं असतं. मी हात लावला नाही. खोडरबर घेतलं, तुझे पंच्याण्णव पुसले आणि तुझ्यासारखं अक्षर काढून अठ्ठ्याण्णव लिहिले. तेवढ्यात फोन वाजला. मी आकडा वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, “वा, उतरला! झोपू द्या, उठवू नका. मी सकाळी येतो.”

सकाळपर्यंत आप्पा राहिले नाहीत.

नंतर डॉक्टर वही बघून म्हणाले की इतक्यात असं व्हायला नको होतं, चारची नोंद कुणी केली? सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, “मी पंच्याण्णव लिहिलं होतं.” आईने वही तुझ्यासमोर धरली. तू पुन्हा म्हणालास. आईने तुझ्या थोबाडीत मारली. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी आत जाऊन पाण्याची कळशी भरायला घेतली. कळशी आधीच भरलेली होती.

त्या दिवसापासून आपल्या घरात ‘बारक्याचे आकडे’ हा शब्दप्रयोग झाला. कुणी थाप मारली की म्हणायचे, बारक्याचे आकडे दिसतात. तू जन्मभर मोजण्याचंच काम धरलंस, तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. मला वाटली नाही. मी तपासनीस झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. जिने एकदा दुसऱ्याचा आकडा बदलला, तिला पुढे प्रत्येक आकडा बदललेला दिसतो. खुर्ची सरकलेली दिसते. कारकुनाचं हसणं दिसतं. सरकलेली नसेलही रे खुर्ची.

हवेचं आणि माणसाचं एक नसतं, हे मला कळतं. आप्पांचं अंग गार का पडलं, डॉक्टर संध्याकाळी आले असते तर वाचले असते का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण ताप उतरताना मूळपदावरच थांबतो असं मी धरून चालले, दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा पुसायला मला तूच सापडलास.

रविवारी मी आईला नुसतं विचारलं, त्या दुपारी तू आप्पांजवळ गेली होतीस का? ती म्हणाली, “गेले होते की. साडेचारला. पाय बर्फासारखे गार होते त्यांचे. म्हटलं, घाम येऊन गेला असेल, म्हणून मोजे घातले.” तिने इतक्या सहज सांगितलं! तीस वर्षं ती हे सांगायला तयार होती, विचारलं कुणीच नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. वही तिच्या कपाटात, साडीखाली होती. मी ती खिडकीशी तिरकी धरली. तू पेन्सिल दाबून लिहायचास. अठ्ठ्याण्णवच्या खाली पंच्याण्णवचा वळ अजून दिसतो. आईने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, त्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “रडून रडून सांगत होता गं तो.” मग तिने गोळ्यांची डबी मागवली, तू भरून दिलेली. मोजायला म्हणून बाहेर काढून ठेवलेल्या गोळ्या तिने, न मोजता, पुन्हा आत टाकल्या आणि झाकण लावून मांडीवर घेऊन बसली.

समितीचं सांगते. टिपण परत घेत असल्याचं मी लेखी दिलं आहे. निरीक्षकाचे आकडे अचूक, दुरुस्ती चुकीची, दुरुस्ती करणारी मी, असं सरळ लिहिलं. साहेब म्हणाले, “बाई, विचार करा. हे दिलंत तर तुमच्या सगळ्या वर्षांच्या दुरुस्त्या उघडाव्या लागतील.” मी म्हटलं, उघडा. उपग्रहबाईंनी त्याला स्वतःचं पत्र जोडलं आहे. तुझं ठाणं राहील, असं मला वाटतं. मी राहीन की नाही ते बघू. तपासनीस म्हणून मला आज कुणी विचारलं, तर मीच मला ठेवणार नाही.

क्षमा माग म्हणून तू कधी म्हणाला नाहीस. ती मागायची तर कोणत्या तोंडाने, हे मला ठरवता येत नाही, म्हणून नुसतंच लिहिते: माझं चुकलं, बारक्या. तू खरं बोलत होतास आणि मला ते माहीत होतं.

सोबत दोन वह्या पाठवते आहे. शाईची तुझी, आणि पेन्सिलीची आपली. पेन्सिलीच्या वहीत मी काही दुरुस्त केलेलं नाही. ते तू करायचं.

आता शेवटचं, आणि यासाठी तरी ये. आईला परवापासून कणकण आहे. किरकोळ आहे, घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण मी आकडा पाहिलेलाच नाही, तर लिहू कसं? काल चार वाजता थर्मामीटर झटकून तिच्याजवळ गेले. तिने तोंड फिरवलं.

“राहू दे. तो बघेल.”

“अगं, पत्र पोचून त्याला यायला चार-पाच दिवस लागतील. तोवर डॉक्टरांना तरी बोलावू?”

“डॉक्टरांना बोलाव. ते बघू देत हात लावून. वहीत लिहायचं ते तो आला की तो लिहील.”

डॉक्टर येऊन गेले. काळजी नाही म्हणाले. पण तिने उशाला नवी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने मी आखले, आणि चारचा रकाना रिकामा आहे. शेजारी तुझ्यासाठी पेन ठेवलं आहे, शाईचं.

आप्पांचा नववा दिवस. वेळ चार. पंच्याण्णव.
नोंद करणारा : तू.
खोडणारी : तुझी ताई.